पक्षाघातानंतर लायसन्स: नुसत्या डॉक्टरच्या सहीवर भागवायचं का?

घोडबंदरकर
बाबांना गेल्या पावसाळ्यात पक्षाघात झाला, मेंदूच्या उजव्या बाजूला. दोन महिन्यांत हातपाय सुधारले, बोलणं तर पहिल्यापासून स्वच्छ. पण ताटात डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहायची. आई म्हणायची, तोंडाची चव गेली असेल. ताट फिरवून दिलं की तीच कोशिंबीर आवडीने संपवायचे.

याच अवस्थेत त्यांचं लायसन्स रिन्यू झालं. चाळिशीनंतर फॉर्म १-अ, म्हणजे डॉक्टरांचं मेडिकल सर्टिफिकेट लागतं. डॉक्टरांनी फिट येते का विचारलं, लाल-हिरवा ओळखायला लावला, २५ मीटरवरची नंबर प्लेट वाचून घेतली. बाबांनी धडाधड वाचली. सही, शिक्का. मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये डावा आरसा दोनदा खांबाला लागून तुटला. घोडबंदर रोडवर त्याच बाजूने बाइकवाले घुसतात! किल्ली मी काढून घेतली. मेंदूच्या आजारानंतर कुणीतरी शेजारी बसून, रस्त्यावर गाडी चालवून बघितल्याशिवाय लायसन्स चालू ठेवूच नये.

पामबीच४३
अजिबात पटलं नाही. कडक नियम केले की लोक आजार लपवतात. माझ्या भावाला तीन वर्षांत एकही फिट नाही, गोळ्या वेळेवर घेतो. ब्रिटनमध्ये वर्षभर फिट आली नाही तर खासगी गाडीचं लायसन्स मिळू शकतं. आपल्या फॉर्मवर फक्त हो किंवा नाही. शेवटची फिट कधी आली, हे लिहायला जागाच नाही. मग खरं कोण लिहिणार? आणि किल्ली गेली की म्हातारा माणूस घरात कोंडला जातो. जवळच्या भाड्याला रिक्षावाले येतात का?

वाशीची थेरपिस्ट
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून पेशंटकडून सराव करून घेते. फिट येते हे पेशंटला माहीत असतं. डावी बाजू सुटतेय हे मात्र अशा पेशंटला स्वतःला कळतच नाही, त्यामुळे तो लपवतही नाही. नजर चांगली असते, लक्ष तिकडे जात नाही. आडवी रेघ देऊन मध्यावर खूण करायला सांगा, खूण उजवीकडे सरकते. अर्थात नुसत्या कागदावर ठरवू नये, गाडीत सोबत बसून बघावंच लागतं. पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांचं सुधारतं, तेव्हा ‘आत्ता नको’ म्हणजे ‘कधीच नको’ नव्हे.

पामबीच४३
मान्य, पण गाडीत बसणार कोण? आरटीओच्या ट्रॅकवर आठचा आकडा काढून हे कळेल?

घोडबंदरकर
नाही कळणार. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम १६ सांगतं की आजाराची रास्त शंका असेल तर आरटीओ कधीही मेडिकल मागू शकतं, लायसन्सही रद्द करू शकतं. पण मेडिकल म्हणजे पुन्हा तोच फॉर्म! बाबा रोज संध्याकाळी खाली जाऊन गाडी पुसतात. कालही समोरची काच निम्मीच पुसलेली होती.

पामबीच४३
तुमच्या बाबांपुरतं पटलं. डॉक्टरांनी परस्पर आरटीओला कळवायची सक्ती मात्र नकोच. तसं झालं तर भाऊ उद्यापासून डॉक्टरांनाही खरं सांगणार नाही.