जुन्या दोन हार्डडिस्क जोडल्या की पीसी बूट होत नाही, काढल्या की होतो

रानजाई:
पीसीत विंडोज १० आहे, एम.२ एसएसडीवर. एरवी काही तक्रार नाही. जुन्या कॉम्प्युटरमधल्या दोन हार्डडिस्क त्याला जोडल्या आणि आता तो विंडोजपर्यंत पोचतच नाही. एक ५०० जीबीची साटा आहे, तिच्यावर नुसता डेटा असायचा. दुसरी ८० जीबीची, आयडीई, रुंद पट्टीच्या केबलवाली. ती कन्व्हर्टर लावून साटा पोर्टला जोडली आहे.

दोन्ही जोडल्या की मदरबोर्डच्या लोगोवर बराच वेळ अडकतो, कीबोर्डही दाद देत नाही, आणि शेवटी काळ्या पडद्यावर 'बूटएमजीआर इज मिसिंग' येतं. नुसती ५०० ची जोडली तर लोगो पटकन जातो, पण ओळ तीच. नुसती ८० ची जोडली तर लोगोवर रखडतो, मग विंडोज सुरू होतं, पण ती डिस्क कुठेच दिसत नाही. दोन्ही काढल्या की सगळं सुरळीत.

८० च्या डिस्कवर बाबांच्या आवाजातली रेकॉर्डिंग आहेत, दुसरीकडे कुठेही त्यांची प्रत नाही. बाकी काही मिळालं नाही तरी चालेल, ती मिळायला हवीत. म्हणून पुढे हात लावण्याआधी विचारते आहे. एसएसडी बिघडली आहे का? विंडोज पुन्हा टाकावं लागेल का?

मोकळा_पोर्ट:
एसएसडी ठणठणीत आहे, नाहीतर डिस्क काढल्यावर पीसी सुरू झाला नसता. बूट ऑर्डर बदलली असणार. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन बूटच्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' सगळ्यात वर आणा आणि सेव्ह करा. काही बोर्डांवर हार्डडिस्कच्या क्रमाची वेगळी उपयादी असते, तीही बघा.

एंटर_दाबा:
विंडोजच्या पेनड्राइव्हने बूट करून कमांड प्रॉम्प्टमधून 'बूटरेक फिक्स एमबीआर' चालवा. मग दोन्ही जुन्या डिस्कवर चेकडिस्क, एफ आणि आर दोन्ही पर्याय देऊन. माझं काम दर वेळी यातच होतं.

सुटा_जंपर:
रानजाई, वरच्या सल्ल्यातलं चेकडिस्क कृपा करून चालवू नका, ८० च्या डिस्कवर तर अजिबात नाही. चेकडिस्क फाइल वाचवत नाही, फाइलसिस्टिमचा हिशेब जुळवतं. जुळवताना ते डिस्कवर लिहितं, न जुळणाऱ्या नोंदी उडवतं आणि उरलेले तुकडे 'फाउंड.०००' नावाच्या फोल्डरमध्ये टाकतं. धडधाकट डिस्कवर ठीक आहे. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या डिस्कवर, जिच्यावर एकमेव प्रत आहे, तिथे लिहिण्याची एकही क्रिया नको. 'आर' तर अख्खी डिस्क घासून काढतं. ती आधीच शेवटच्या घटका मोजत असेल तर तेवढ्यानेच जाईल. आणि फिक्स एमबीआरचा इथे संबंध नाही. तुमची एसएसडी बहुधा जीपीटीवाली, म्हणजे पार्टिशनच्या नव्या मांडणीची, आहे आणि यूईएफआयने, म्हणजे बायोसच्या नव्या अवताराने, बूट होते. तसं असेल तर एमबीआरमधल्या, म्हणजे डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या जागेतल्या, कोडला कोणी विचारतही नाही.

आता मूळ प्रश्न. तुम्ही तिन्ही प्रकारे जोडून काय होतं ते वेगवेगळं लिहिलंत, त्यामुळे निदान सोपं झालं. इथे दोन स्वतंत्र दोष आहेत, आणि दोन्ही डिस्क एकदम जोडल्या की ते एकमेकांत मिसळतात.

पहिला ५०० च्या डिस्कचा. 'बूटएमजीआर इज मिसिंग' ही ओळ तुमच्या विंडोज १० ने लिहिलेली नाही, बायोसनेही नाही. ती जुन्या डिस्कच्याच बूट सेक्टरमध्ये आहे. व्हिस्टा किंवा त्यानंतरच्या विंडोजने पार्टिशन फॉरमॅट केलं की तिथे छोटा कोड बसतो आणि तो बूटएमजीआर ही फाइल शोधतो. एक्सपीच्या काळातलं पार्टिशन असतं तर 'एनटीएलडीआर इज मिसिंग' आलं असतं. बायोसला नवी डिस्क दिसली, त्याने तिला यादीत वर घेतलं आणि ताबा तिच्या कोडकडे दिला. त्या कोडला फाइल मिळाली नाही, तो ओळ छापून थांबला. एकदा ताबा गेला की बायोस परत येऊन पुढची डिस्क बघत नाही. मोकळा_पोर्ट यांनी सांगितलेला उपाय बरोबर आहे. त्यात एवढीच भर घालतो: विंडोजमध्ये 'एमएसइन्फो३२' उघडून 'बायोस मोड' पुढे यूईएफआय आहे ना ते बघा. असेल तर बायोसमधलं सीएसएम, म्हणजे लेगसी बूट, बंद करता येईल. मग कुठलीही जुनी एमबीआर डिस्क मध्ये तडमडणार नाही. ग्राफिक्स कार्ड फार जुनं असेल तर मात्र सीएसएम बंद केल्यावर पडदाच काळा राहू शकतो, अशा वेळी नुसता क्रम बदला.

दुसरा दोष ८० च्या डिस्कचा, आणि माझा जीव तिच्यात जास्त अडकला आहे. लोगोवर थांबतो तेव्हा बायोस तिला 'कोण आहेस' असं विचारून उत्तराची वाट बघत असतो. एटीएच्या, म्हणजे डिस्क आणि कॉम्प्युटरच्या संवादाच्या, नियमात डिस्कला तयार व्हायला ३१ सेकंदांपर्यंत मुभा आहे, त्यात बायोस पुन्हा पुन्हा विचारतो. उत्तर येत नाही याची मुख्य कारणं दोन. डिस्क खराब आहे, किंवा तिचा जंपर चुकीच्या जागी आहे.

आयडीईच्या एका केबलवर दोन डिस्क बसायच्या. कोण मास्टर, कोण स्लेव्ह हे डिस्कच्या मागे, डेटा आणि पॉवरच्या पिनांच्या मधल्या छोट्या जंपरने ठरायचं. जुन्या कॉम्प्युटरमध्ये ही स्लेव्ह असेल तर जंपर अजून तिथेच असणार, आणि साटा कन्व्हर्टरना बहुतेक वेळा मास्टरच लागते. जंपरचं चित्र डिस्कच्या लेबलवर असतं. वेस्टर्न डिजिटलच्या डिस्कवर एकट्या डिस्कची, 'सिंगल'ची, मांडणी मास्टरपेक्षा वेगळी असते, तेवढं नीट वाचा.

जंपर बदलायच्या आधी पीसीची वायर काढा. मग जोडल्यावर कान देऊन ऐका. घरघर वाढत जाऊन एकसारखी झाली तर चांगलं. ठरावीक अंतराने टक... टक... असा आवाज आला तर त्याच क्षणी बंद करा, पुन्हा सुरू करू नका, आणि डेटा रिकव्हरीवाल्यांकडे न्या. डिस्क वाचणारं हेड अडखळत असताना डिस्क फिरवत ठेवली तर पृष्ठभाग खरवडला जातो, आणि तिथला डेटा मग कोणालाच काढता येत नाही.

पॉवरबद्दल एक गोष्ट. मॉड्युलर एसएमपीएस, म्हणजे सुट्या केबलचा पॉवर सप्लाय, असेल तर दुसऱ्या एसएमपीएसची केबल बसते म्हणून लावू नका. डिस्ककडचं टोक सारखं असतं, एसएमपीएसकडच्या पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की डिस्कचा बोर्ड जळतो.

रानजाई:
५०० ची जमली! एमएसइन्फो३२ मध्ये यूईएफआय दाखवतं. सीएसएम बंद केलं, विंडोज बूट मॅनेजर वर आणलं, आता ती डिस्क जोडलेली असतानाही सरळ विंडोज येतं.

८० चा जंपर खरंच स्लेव्हवर होता. मास्टरवर घेतला, आवाज एकसारखा आहे, टकटक नाही, आणि बायोसमध्ये तिचं नाव आलं. विंडोजमध्ये पार्टिशनही दिसलं, पण फोल्डर उघडायला गेले की सगळं गोठतं. लगेच बंद करून ती काढून ठेवली आहे. आता?

सुटा_जंपर:
बंद केलंत हे उत्तम. काही सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, वाचता येत नाहीत, आणि विंडोज तिथेच डोकं आपटत बसतं. विंडोज चालू असताना ती पुन्हा जोडू नका. विंडोज तिच्यावर स्वतःहून लिहू शकतं, सुरू होताना आपणहून चेकडिस्कही लावतं.

लिनक्सच्या लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) पेनड्राइव्हने बूट करा आणि जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम वापरून अख्ख्या डिस्कची इमेज फाइल, म्हणजे एका फाइलमधली हुबेहूब प्रत, बनवा. इमेज ठेवायला ८० जीबीपेक्षा जास्त मोकळी जागा हवी, ५०० च्या डिस्कवर असेल तर तिथेच. आधी 'एलएसबीएलके' या कमांडने दोन्ही डिस्क ओळखा: ८० ची ७४.५जी आणि ५०० ची ४६५.८जी अशी दिसेल. पोर्टच्या नावावर भरवसा ठेवू नका, आकार बघा. कारण कमांडमध्ये स्रोत आणि मुक्काम यांची अदलाबदल झाली तर जुनी डिस्क पुसली जाऊ शकते. एंटर दाबण्याआधी ती ओळ मोठ्याने वाचा.

मॅपफाइलचं नाव नक्की द्या. काय वाचून झालं, काय राहिलं याची नोंद तिच्यात राहते, आणि मध्येच थांबवलं तरी पुढे तिथूनच सुरू करता येतं. पहिली फेरी 'एन' पर्याय देऊन करा. त्यात जे सहज वाचता येतं ते आधी उचललं जातं, चिवट जागा नंतरसाठी राहतात. डिस्क मध्येच गेली तरी बहुतेक भाग तोवर हाती आलेला असतो. जुनी डिस्क तापते, तिच्यावर पंखा वळवून ठेवा.

रानजाई:
इमेज झाली. शेवटी थोडेच सेक्टर वाचायचे राहिले, दुसऱ्या फेरीत त्यातलेही काही आले. लिनक्सच्या डिस्क इमेज माउंटरने उघडली. बाबांचं फोल्डर आहे, फाइल सगळ्या दिसतात, मी उघडल्या त्या वाजतात. पण रेकॉर्डिंग खूप आहेत, प्रत्येक शेवटपर्यंत ऐकायला फार वेळ जाईल. न वाचलेले सेक्टर नेमके कोणत्या फाइलमध्ये आहेत हे कळेल का?

सुटा_जंपर:
कळेल. इमेजची एक प्रत करा, मूळ इमेजला हात नको. डीडीरेस्क्यूमध्ये 'फिल' नावाची रीत आहे. मॅपफाइलमध्ये खराब म्हणून नोंदलेल्या जागी ती तुम्ही दिलेला मजकूर भरते. कुठल्याच फाइलमध्ये सापडणार नाही असा एखादा शब्द द्या, प्रतीतल्या खराब जागा त्याने भरा, मग ती प्रत फक्त वाचण्यासाठी माउंट करून, म्हणजे उघडून, 'ग्रेप' या शोधाच्या कमांडने तो शब्द शोधा. ज्या फाइल सापडतील त्यांच्यात खंड आहे, तेवढ्याच ऐका. रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही प्रकारची असतील तर एका सेक्टरने, म्हणजे ५१२ बाइटने, निमिषभर खरखर येईल, बाकी रेकॉर्डिंग शाबूत राहील. एकही फाइल सापडली नाही तर खराब सेक्टर बहुधा रिकाम्या जागेतले.

आणि मूळ डिस्क टाकून देऊ नका. इमेजच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर होईपर्यंत तर नक्कीच नाही.