लिंगोचं गाणं लंडनपर्यंत गेलं, वर्गात का नाही आलं?

(गोंडी शाळेत शिकवावी का, यावर तिघांचं बोलणं. नावांऐवजी त्यांची ठिकाणं दिली आहेत: सक्करदरा आणि इंदोरा या नागपुरातल्या वस्त्या, तिसरा गडचिरोलीचा.)

सक्करदरा: आपलं नागपूर बख्त बुलंद शहा या गोंड राजानं वसवलं. इथंच १८४५ साली स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी आला. त्यानं शाळा काढली, गोंडांची गाणीही टिपून ठेवली. तो वारल्यावर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्यानं ते कागद छापले. लिंगो या गोंडांच्या पुराणपुरुषाचं गाणं रोमन अक्षरांत, सोबत इंग्रजी अर्थ. साहेबाच्या अभ्यासाला गोंडी चालली. पण १८५४ च्या वुडच्या खलित्यानं, म्हणजे इंग्रजांच्या शिक्षण धोरणानं, देशी भाषांतून शिकवा म्हटलं, तेव्हा आपल्या भागातल्या शाळांत मराठी आणि हिंदीच आल्या. गोंड पोराची भाषा तेव्हाही बाहेर, आजही बाहेर. याचं मूळ त्या धोरणात आहे.

इंदोरा: नाही पटत भाऊ. इंग्रज यायच्या आधी आमच्या पणज्याला कोणत्या पाठशाळेनं आत घेतलं असतं? मिशनच्या शाळेत त्यांना पाटी मिळाली. जोतिराव फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे सरकारलाच धारेवर धरलं, पण मागणी काय होती? बहुजनांना प्राथमिक शिक्षण द्या. शाळा बंद करा असं ते म्हणाले नाहीत. आणि इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षं झाली. आता दोष आपला.

सक्करदरा: दोष आपलाही, मान्य. पण पाटी मिळाली ती दुसऱ्याच्या भाषेत. मी आश्रमशाळेत गेलो तेव्हा पहिल्या दिवशी ‘येर’ मागितलं. गुरुजींना कळेना, पोरं हसली. ‘पाणी’ हा शब्द शेजारच्या पोरानं कानात सांगेपर्यंत तसाच तहानलेला बसलो. वर्गात बोलायला मला पुढं दोन वर्षं लागली.

गडचिरोली: मी शिक्षक आहे, वाचून वाईट वाटलं. तरी विरोधच करतो. गोंडी कोणती शिकवायची? मध्य प्रदेशातल्या मंडल्याची वेगळी, आमची वेगळी. लिपी मसराम, गुंजाला की देवनागरी? पोरगं चौथीनंतर मराठी शाळेतच जाणार, ते मागं पडलं तर जबाबदार कोण?

सक्करदरा: गुरुजी, मराठी तरी झाडीपट्टीत आणि पुण्यात एक आहे का? २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे तीस लाखांच्या घरात आहेत. पुस्तक, लिपी राहू द्या. पहिली-दुसरीला गावातलीच गोंडी बोलणारी एक बाई वर्गात बसवा, मराठी तिच्या तोंडून शिकू द्या.

गडचिरोली: एवढंच असेल तर माझ्या वर्गात जागा आहे. तिच्या मानधनाचं मात्र सरकारकडे लावून धरावं लागेल.