संशोधनातलं लेबल : नुसती चिठ्ठी की कायमचा शिक्का?

सात_रस्ता (धागा यांनीच काढला)

शनिवारी आमच्या पीएच.डी. कोर्सवर्कच्या वर्गात जुंपली. संशोधन पद्धतीचा पेपर सगळ्यांना सारखा असतो, त्यामुळे प्राणिशास्त्र, कॉम्प्युटर, गणित, कॉमर्स आणि आम्ही समाजशास्त्रवाले एकाच खोलीत कोंबलेले. सरांनी फळ्यावर 'लेबल' एवढाच शब्द लिहिला आणि म्हणाले, तुमच्या तुमच्या विषयात याचा अर्थ काय ते सांगा.

प्राणिशास्त्रवालीने हर्शी आणि चेस यांचा १९५२चा प्रयोग सांगितला. विषाणूच्या डीएनएला किरणोत्सारी फॉस्फरसचं लेबल, प्रथिनाला किरणोत्सारी गंधकाचं. मग जिवाणूच्या आत काय शिरलं ते बघायचं. आत शिरला तो मुख्यतः फॉस्फरस, म्हणजे आनुवंशिकतेचा मसाला डीएनएत आहे याला मोठा पुरावा मिळाला. कॉम्प्युटरवाल्याने इमेजनेट सांगितलं, कॉम्प्युटरला चित्रं ओळखायला शिकवायचा साठा : १ कोटी ४० लाखांहून जास्त चित्रं, प्रत्येकावर 'हा कुत्रा, ही बशी' अशी माणसांनी लावलेली नावं. माझी पाळी आली तेव्हा मी समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांचं नाव घेतलं. १९६३मध्ये त्यांनी मांडलं की एखादं कृत्य मुळातच 'गुन्हेगारी' असतं असं नाही, समाज नियम करतो आणि ठरावीक माणसांवर तो शिक्का मारतो. एकदा शिक्का बसला की माणूसही त्याच वाटेने ढकलला जातो.

आणि मग मी जे बोललो त्यावरून वाद पेटला. म्हटलं, ज्या १९५२मध्ये तिकडे फॉस्फरसचं लेबल लावून शोध लागला, त्याच १९५२च्या ३१ ऑगस्टला आपल्याकडे एक लेबल कायद्याने उतरवलं गेलं. १८७१पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा. जन्माला आलेलं पोर गुन्हेगार, कारण जमात यादीत. ते बघायला परदेशात जायला नको, आपल्या सोलापुरातलं सेटलमेंट आहे की, या जमातींना डांबून ठेवायची वसाहत. काटेरी तारेचं कुंपण, रोजची हजेरी, बाहेर जायला पास, आणि गिरण्यांना हक्काचे कामगार.

माझं म्हणणं असं : विषय कुठलाही असो, लेबल आपोआप उगवत नाही, कुणीतरी कशासाठी तरी लावतं. प्रबंधात आपण नमुना कसा निवडला ते चार पानं लिहितो. मग लेबल कुणी लावलं, कधी लावलं, काढायची सोय आहे का, हेही सगळ्या विषयांत सक्तीने लिहायला लावावं. वर्गातले निम्मे म्हणाले हा समाजशास्त्राचा आगाऊपणा आहे. तुमचं काय?

पिपेटवाली

ती 'प्राणिशास्त्रवाली' मीच. वर्गात बोलू दिलं नाहीस, इथे बोलते.

'पाटी' शब्द घे. शाळेतली पाटी, दुकानाची पाटी, डोक्यावरची भाजीची पाटी. शब्द एक आहे म्हणून या तिघींचं मिळून एक शास्त्र कुणी काढलंय का? तुझं तेच चाललंय. फॉस्फरसला कुणी काय म्हटलं याने त्याला काडीचा फरक पडत नाही.

उलट आमच्याकडे लेबल चांगलं कधी, तर ज्याला लावलं त्याच्या वागण्यात फरक पडत नाही तेव्हा. फॉस्फरस आणि गंधकच का निवडले? प्रथिनात फॉस्फरस जवळजवळ नसतो, डीएनएत गंधक नसतो, म्हणून एकाची खूण दुसऱ्यावर जात नाही. जेलीफिशमधलं ते हिरवं चमकणारं प्रथिन, ज्याला २००८चं नोबेल मिळालं, तेही असंच शेपूट जोडल्यासारखं जोडतात. कधीकधी त्या शेपटानेच मूळ प्रथिनाचं काम बिघडतं. मग आम्ही शेपटाशिवायचं प्रथिन बाजूला ठेवून तुलना करतो. ही आमची शिस्त रोजची आहे, सक्तीच्या परिशिष्टाची गरज नाही.

सात_रस्ता

@पिपेटवाली, तूच माझी बाजू मांडलीस की! लेबलने वागणं बदललं तर प्रयोग बाद, असं तुमच्याकडे आहे. माणसांच्या अभ्यासात ते दर वेळी बदलतं, तरी आम्ही प्रबंध बाद करत नाही. तुलनेला 'शेपटाशिवायचा' माणूस आणायचा कुठून?

पिपेटवाली

मग दुखणं तुमच्या विषयाचं आहे, औषध आम्हाला का पाजतोस?

जेकार्ड

मी काही पीएच.डी. वगैरे नाही. अशोक चौकाजवळ आमचा कारखाना होता, आता फक्त दुकान राहिलंय. तुम्ही लोक लेबल म्हटलं की लगेच अन्याय, शिक्का, कुंपण. अहो, आमचं जगणं लेबलवर आहे. सोलापुरी चादरीला जीआय मानांकन आहे, म्हणजे माल त्याच गावचा असल्याची सरकारी खूण, टॉवेललाही आहे. गिऱ्हाईक विचारतं, 'असली आहे ना?' कारण बाहेर यंत्रावर काढलेला पातळ माल 'सोलापुरी' म्हणून रस्त्यावर विकला जातो. तिथे लेबलच नसतं तर आम्ही काय छाती फाडून दाखवायची? लेबल वाईट नसतं, खोटं लेबल वाईट असतं.

रात्रपाळी

खऱ्या-खोट्याचं एवढं सोपं नाही हो. मी फोटोंना लेबल लावायचंच काम करते. घरी बसून, रात्री, नगावर पैसे. रस्त्यांचे फोटो येतात, त्यातल्या प्रत्येक वाहनाभोवती चौकट काढायची आणि यादीतलं नाव निवडायचं. यादी बनवणाऱ्याने ऊस तोडणीचा हंगाम आयुष्यात पाहिलेला नसावा. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या भरून ऊस, त्याला काय निवडू? 'ट्रॅक्टर' निवडलं तर चौकट ट्रॉलीला पुरत नाही, 'ट्रक' निवडलं तर खोटं. टायरगाडी आली की तर मजाच. 'प्राणी' आहे, 'इतर' आहे, बैलगाडी नाही. मी 'इतर' लावते, दुसरी बाई फक्त बैलांना चौकट काढून 'प्राणी' लावते, तिसरा सोडून देतो. तिघांपैकी दोघांचं जुळलं की ते पक्कं. न जुळणाऱ्याचे गुण कापतात. त्यामुळे खरं काय दिसतंय यापेक्षा बाकीचे दोघं काय निवडतील याचाच अंदाज बांधून बटण दाबायची सवय लागलीय.

याला शोधनिबंधात म्हणे 'ग्राउंड ट्रुथ', म्हणजे पक्कं सत्य, म्हणतात. ते वाचून मी मोठ्याने हसले, घरचे जागे झाले.

@सात_रस्ता, इमेजनेटचं अर्धंच सांगितलंत. त्यात माणसांचेही वर्ग होते, आणि नुसत्या चेहऱ्यावरून शिवीसारखी नावं लावलेली होती. २०१९मध्ये तशी सुमारे ६ लाख चित्रं काढून टाकायचं त्यांनीच ठरवलं. लावणारे आमच्यासारखेच नगावर काम करणारे होते, यादी मात्र त्यांची नव्हती. तेव्हा 'कुणी लावलं' एवढंच विचारू नका, यादी कुणी केली तेही विचारा. नाहीतर खापर आमच्यावर फुटेल.

ग्राफवाला

गणितातून हजेरी लावतो. आमच्याकडे ग्राफ, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, यांच्या लेबलिंगचा अख्खा प्रांत आहे. १९६७मध्ये अलेक्झांडर रोझा यांनी सुरुवात केली. बिंदूंना आकडे द्यायचे, असे की जोडलेल्या बिंदूंच्या आकड्यांतले फरक १पासून पुढे सगळे वेगवेगळे यावेत. प्रत्येक वृक्षाला (फेरा नसलेल्या जोडलेल्या ग्राफला) असं 'ग्रेसफुल' लेबल देता येतं का, हे अजून सिद्ध झालेलं नाही. आमच्या बिंदूंची आजवर एकही तक्रार नाही. चालू द्या.

थेट_बोलतो

या लेबलिंग थिअरीचं फार कौतुक झालं, थोडं पाणी ओततो.

एक तर बेकर यांना पहिला प्रश्न सुटत नाही. शिक्का बसायच्या आधी पहिली चोरी का होते? दुसरं, या मंडळींचा आवडता पुरावा म्हणजे रोझेनहान यांचा १९७३चा प्रयोग. आठ धडधाकट माणसं 'आवाज ऐकू येतात' एवढं खोटं सांगून मनोरुग्णालयात भरती झाली, आणि आत शिरल्यावर साधी वागली तरी त्यांचं प्रत्येक वागणं आजार म्हणूनच नोंदलं गेलं. पन्नास वर्षं वर्गावर्गांत हे शिकवलं. २०१९मध्ये एका पत्रकार महिलेने जुने कागद उकरले, तर नोंदी आणि लिहिलेलं जुळेना, बऱ्याचशा तोतया रुग्णांचा पत्ताच लागेना. ज्या विषयाचा खांब असा, त्याने इतरांना सक्ती सांगू नये.

आता घरचं. आई तीन वर्षं भाजीत दोनदा मीठ घालायची, एकदा देवळातून घरचा रस्ता विसरली. गल्लीने तोपर्यंत लेबल लावलेलंच होतं : 'म्हातारीला वेड लागलं'. आम्हीही तिच्यावर ओरडायचो, लाज वाटते सांगायला. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हणून कागदावर लिहिलं त्या दिवसापासून घरातलं ओरडणं थांबलं. लेबलने आमचं घर माणसात आणलं. गावाने लावलेलं लेबल आणि तपासून लावलेलं लेबल एकाच टोपलीत टाकू नका.

ओपीडीबाहेर

@थेट_बोलतो, आईंचं वाचून गलबललं. पण तपासून लावलेलंही बदलतं हो. थायरॉईडच्या एका गाठीला आधी कॅन्सर म्हणायचे. २०१६मध्ये तज्ज्ञांनी तिच्या नावातून तो शब्दच काढला, कारण ती पसरत नाही आणि नावाला घाबरून गरज नसलेले उपचार होत होते. गाठ तीच आणि भिंगाखाली दिसायचीही तशीच. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली तीही १९७३मध्येच. माणसं आदल्या दिवशी होती तशीच दुसऱ्या दिवशी होती.

माळावरचा

'माणूस लेबलला उत्तर देतो, वस्तू देत नाही' असा समझोता होताना दिसतोय, म्हणून मध्ये पडतो. सोलापूरजवळच्या नान्नजला या. ते गवताळ माळ सरकारी नकाशात पिढ्यान्‌पिढ्या 'पडीक'. इंग्रजांच्या महसुलात सारा देत नाही ती जमीन पडीक. तोच शब्द पुढे उपग्रहाच्या चित्रांवरून केलेल्या पडीक जमिनींच्या नकाशांत उतरला. उपग्रह नवा, शब्द मात्र तलाठ्याच्या बस्त्यातला. पडीक म्हटलं की तिथे झाडं लावा, कारखाना आणा, काहीही करा, कुणाचं काय जातंय! पण माळढोकाला मोकळा माळच लागतो, लांडग्यालाही तोच लागतो. झाडी वाढली की तो पक्षी उठलाच. माळ तक्रार करत नाही हे खरं. माळढोकानेही केली नाही. २०११पासून त्याच्यावर मात्र 'अतिसंकटग्रस्त' असं लेबल आहे. दोन्ही लेबलं 'शास्त्रीय'च.

पिपेटवाली

हे पटलं. म्हणजे प्रश्न सजीव-निर्जीवाचा नाही, त्या लेबलवरून पुढे कुणी निर्णय घेणार आहे का, याचा आहे. माझ्या फॉस्फरसवरून कुणी कुणाची जमीन घेत नाही. तरी सरसकट सगळ्या विषयांना सक्ती नकोच, यावर मी ठाम.

तिसरी_पिढी

दोन दिवस नुसतं वाचत होतो. मी सेटलमेंटचा. आजोबा हजेरीला उभे राहिलेले, वडिलांनी गिरणीत ३१ वर्षं काढली. मी नोकरीच्या मुलाखतीत पत्ता सांगितला की समोरचा साहेब टेबलावरचं पाकीट खिशात ठेवायचा. हे दोनदा झालंय, आता हसू येतं.

पण @सात_रस्ता, 'लेबल उतरवलं' असं किती सहज लिहून गेलात. उतरवलं आणि दुसरं लावलं : विमुक्त. कशातून विमुक्त, हे त्या शब्दातच लिहून ठेवलंय. वर सराईत गुन्हेगारांचा कायदा वेगळा. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाला तुरुंगाच्या नियमावल्यांतून जातीवरच्या आणि आमच्या जमातींवरच्या तरतुदी काढायला सांगाव्या लागल्या, म्हणजे बघा.

आणि लगेच टाळ्या वाजवू नका, दुसरी बाजूही ऐका. तो विमुक्त जातीचा दाखला नसता तर माझी फी भरलीच गेली नसती. मुलीचीही त्यावरच चाललीय. महाराष्ट्राच्या यादीत चौदा विमुक्त जाती आहेत, ३ टक्के आरक्षण आहे. मला ते लेबल हवंय. बापजाद्यांना ज्याने मारलं त्याच्याच शेपटाला धरून आम्ही वर चाललोय. हे तुमच्या बेकर साहेबांत कुठे बसतं?

राग कायद्यापेक्षा तुमच्यावर जास्त आहे. आमच्याकडे प्रश्नावली घेऊन तीन जण येऊन गेले. वडिलांनी तिघांना तीच उत्तरं दिली, चहा पाजला. एकाचा प्रबंध नंतर हाती पडला. वडील त्यात 'प्रतिसादक क्र. ४७'. प्रकरणाचं नाव 'पूर्वाश्रमीच्या गुन्हेगार जमातींची कुटुंबव्यवस्था'. पूर्वाश्रमीच्या म्हणे! आम्ही काय संन्यास घेतला होता? गिरणी कामगाराचं कुटुंब असं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? एकतीस वर्षं तेच होते की ते.

तुमचा विषय काय आहे, सात रस्ता? पूर्ण नाव सांगा.

सात_रस्ता

(उशीर झाला, मुद्दामच केला.)

'सोलापूर शहरातील गुन्हेगार म्हणून घोषित जमातींच्या वसाहतीचा समाजशास्त्रीय अभ्यास'. मागच्या वर्षी समितीसमोर मंजूर झालाय. 'म्हणून घोषित' टाकल्यावर मी स्वतःवरच खूश झालो होतो.

थेट_बोलतो

घ्या! सक्ती सगळ्यांना, स्वतः सोडून.

पिपेटवाली

त्याला झोडू नका, निदान लिहिलं तरी त्याने. शीर्षक बदलता येतं ना? गाइडची सही आणि अर्ज लागतो. माझ्या मैत्रिणीला त्यात पाच महिने गेले.

सात_रस्ता

अर्जाचा नमुना आणलाय. रकाने चार. जुने शीर्षक, नवीन शीर्षक, बदलाचे कारण, मार्गदर्शकाचा अभिप्राय. 'गिरणी कामगार' लिहिलं तर गाइड म्हणतील, मग हजेरी आणि कुंपण कुठे गेलं? तेही चूक नाही.

तिसरी_पिढी

कुंपण राहू द्या, ते आमचं नव्हतंच. ज्यांनी घातलं त्यांचं नाव शीर्षकात घ्या. रविवारी घरी या, वडील असतात. प्रश्नावली आणू नका, तो अर्ज आणा. तिसरा रकाना त्यांनाच विचारून भरू.