तासाभरात निघू नका

निवृत्तीनंतरच्या गाडीप्रवासात सर्फिंगच्या किनाऱ्याला तासभर पुरे, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. आम्ही दोघं तासाभरासाठीच थांबलो होतो, निघालो तिसऱ्या दिवशी! पाण्यात न उतरताही बघण्यासारखं खूप असतं. बराच वेळ किरकोळ लाटा येतात, मग चार-पाच मोठ्या एकामागोमाग. सर्फर मंडळी फळीवर बसून त्यांचीच वाट बघत असतात. उथळ पाण्यात लाटेचा तळ मंदावतो, माथा पुढं झेपावतो आणि ती फुटते. भरतीनंतर साधारण ६ तासांनी ओहोटी, त्यामुळे सकाळची फुटण्याची जागा दुपारी सरकलेली दिसते.

उतरणार असाल तर आधी दहा मिनिटं काठावरून पाणी बघाच. फुटणाऱ्या लाटांमधला शांत, गडद पट्टा सोपा वाटतो, पण बहुतेकदा तिथूनच पाणी जोरात समुद्राकडे ओढतं. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहा. जीवरक्षक असतील तिथंच उतरलेलं बरं.

बायकोला पाण्याची भीती. तरी घोटाभर पाण्यात उभी राहिली, आणि पायाखालची वाळू सरकायला लागली तसा तिनं माझा हात घट्ट धरला.