कॅमेऱ्याचं बटण नकळत दाबलं जातं: कोणतं, कसं ओळखायचं, बंदोबस्त काय? (अनुभव लिहा)

मांडवात, नाटकाच्या स्टेजखाली, जिप्सीत, कपाशीच्या तासात, कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या सगळ्यांना ही पंचाईत ठाऊक आहे. कॅमेरा धडधाकट असतो. पिशवीतून काढताना, पट्टा अडकून किंवा तळहाताच्या गादीनं एखादं बटण दाबलं जातं आणि पुढचे दोनशे फोटो काळपट नाहीतर निळे निघतात. मग बिघाड समजून माणूस एसटीनं नागपूर गाठतो. दिवस जातो, मजुरी जाते, आणि दुकानदार एक चकती फिरवून कॅमेरा परत हातात देतो.

म्हणून हा धागा. वर आपलं गाव लिहा, मॉडेल लिहा, बटण कुठं आहे ते लिहा, फोटोत किंवा व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून पाहायच्या खिडकीत) काय दिसतं ते लिहा, आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून काय करायचं तेही लिहा. किस्से थोडे, खुणा जास्त.

वरुड, लग्नाची कामं

सगळ्यात जास्त घाबरवते ती व्ह्यूफाइंडरच्या बाजूची बारकी चकती, डायॉप्टर. ती चष्म्याचा नंबर जुळवायला असते. कॅमेरा उभा ओढून काढला की ती पिशवीच्या अस्तराला घासते आणि दोन-तीन खाचा फिरते. डोळा लावला की सगळं धुरकट, आणि पहिला संशय लेन्सवर जातो.

ओळखायची खूण एकच. नवरदेवाकडे पाहू नका, फ्रेमच्या खालच्या पट्टीतले आकडे पहा. शटर स्पीड, एफ नंबर हे आकडेही पसरलेले दिसत असतील तर डायॉप्टर फिरलंय. आकडे ठसठशीत आणि समोरचा माणूस धुरकट असेल तर गडबड फोकसची आहे. ऑटोफोकसवर डायॉप्टरचा काही परिणाम होत नाही, फोटो चांगलेच येतात. हातानं फोकस करणाऱ्याची मात्र फसगत होते.

जुळवताना कॅमेरा मोकळ्या आभाळाकडे किंवा चुन्याच्या भिंतीकडे धरा, शटर अर्धं दाबून आकडे पेटवा आणि ते धारदार होईपर्यंत चकती फिरवा. मग पांढऱ्या नेलपेंटचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका चकतीवर आणि तेवढाच समोर बॉडीवर द्या. दोन ठिपके समोरासमोर आहेत का, हे एका नजरेत कळतं. एक कॅमेरा दोघं वापरत असतील तर दोन रंग घ्या.

अंजनगाव

लेन्सचा एएफ-एमएफ स्विच, म्हणजे फोकस कॅमेऱ्यानं करायचा की हातानं, ते ठरवणारा. कॅननच्या १८-५५ आणि ५५-२५० वर तो डाव्या अंगाला असतो, त्याच्याच खाली स्टॅबिलायझरचा (हाताची थरथर सावरणारा). पिशवीतल्या कप्प्याच्या कडेनं दोन्ही सरकतात. शटर अर्धं दाबल्यावर ‘टिप’ आवाज नाही, फोकसचा ठिपका पेटत नाही, तरी फोटो मात्र निघतो, असं झालं की आधी तिथं बोट लावून पहा. निकॉनच्या काही एएफ-पी लेन्सवर हे स्विचच नाहीत, तिथं मेनूत शोधावं लागतं.

वडसा, झाडीपट्टीच्या नाटकांचे फोटो

वरुडवाल्या दादांनी बरोबर सांगितलं जी. आमच्या कामात डायॉप्टरपेक्षा त्रास अधिक-उणे चिन्हाच्या बटणाचा. रात्रीचं काम, समोर अंधार आणि स्टेजवर झगझगाट, त्यामुळे बोट चाचपडतच चालतं.

निकॉन डी३५००, डी५६०० किंवा कॅनन १५००डी यांना एकच डायल आहे. म्हणून त्या बटणाला दोन अर्थ दिलेले आहेत. मॅन्युअल मोडमध्ये बटण दाबून डायल फिरवली की छिद्र, म्हणजे एफ नंबर बदलतो. पण मोडची चकती निकॉनच्या ए किंवा कॅननच्या एव्हीवर (छिद्र आपण ठरवायचं, शटर स्पीड कॅमेरा ठरवतो) असेल तर तीच हालचाल एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ किंवा काळपट करायचा आकडा, बदलते. मॅन्युअलची सवय लागलेलं बोट मोड बदलल्यावरही तेच करतं, आणि काटा नकळत उणे १.३ किंवा उणे २ वर जाऊन बसतो. उणे १ म्हणजे अर्धा उजेड, उणे २ म्हणजे पाव. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) असेल तर थोडंफार वर ओढता येतं, पण काळ्या भागात दाणे येतात. जेपेगमध्ये चेहरा गेला तो गेलाच.

निकॉनमध्ये कॅमेरा बंद करून चालू केल्यानं हा आकडा शून्यावर येत नाही. काल रात्री राहिलेला उणे २ आज सकाळच्या बारशालाही तसाच असतो. म्हणून प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला व्ह्यूफाइंडरमधली पट्टी पहा. तिथं अधिक-उणेची खूण दिसत असेल तर आकडा शून्यावर नाही.

दुसरा वैरी नाक! टचस्क्रीन चालू असेल आणि डोळा डावा लावत असाल तर नाक स्क्रीनवर टेकतं आणि फोकसचा चौकोन कोपऱ्यात पळतो. समोर नायिका, फोकस मागच्या पडद्यावर. मेनूत टच बंद करा. काही मॉडेलात टचची जागा स्क्रीनच्या अर्ध्या भागापुरती ठेवता येते, नाक टेकत नाही तो अर्धा भाग निवडावा. आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात टच शटरचं चिन्ह चालू राहिलं असेल तर पट्ट्याच्या स्पर्शानंही फोटो निघतात, कार्डात जमिनीचे वीस-पंचवीस फोटो सापडतात. तेही बंद.

मोहर्ली, ताडोबा

जंगलात गडबड बॉडीपेक्षा मोठ्या लेन्सवर जास्त होते. जिप्सीच्या दांड्यावर, बीनबॅगवर लेन्स टेकवली की डाव्या अंगाचे स्विच दाबले जातात.

सिग्मा १५०-६०० कंटेम्पररीवर फोकस लिमिटरला (लेन्सनं किती अंतरात फोकस शोधायचा ते ठरवणाऱ्या स्विचला) तीन जागा आहेत: पूर्ण, १० मीटर ते अनंत, आणि २.८ ते १० मीटर. स्विच तिसऱ्या जागी गेला की चाळीस मीटरवरचा वाघ काही केल्या फोकसमध्ये येत नाही. लेन्स घर्र घर्र करत जवळच्या पल्ल्यातच फिरत राहते आणि पाहुणे मोटर गेली असं समजतात. निकॉन २००-५०० वर उलटं आहे. तिथं दोनच जागा, पूर्ण आणि ६ मीटर ते अनंत. दुसऱ्या जागी असेल तर जिप्सीजवळच्या फांदीवरचा नीलपंख धरला जात नाही. गेटच्या आत शिरण्याआधी सगळे स्विच जागेवर लावा आणि त्यांच्यावरून मास्किंग टेपची एक आडवी पट्टी मारा. पट्टीचं एक टोक दुमडून ठेवा, म्हणजे गरज पडली की नखानं उचलता येते.

निकॉन डी७२००, डी७५० वर मागच्या गोल पॅडभोवती एल अक्षराचा खटका आहे. तो अंगठ्यानं एलवर गेला की फोकस पॉइंट जागचा हलत नाही. पॅड खराब झालेलं नसतं, खटका परत ठिपक्यावर आणा. कॅननच्या ७डी मार्क २ वर खालच्या बाजूला लॉकची पट्टी आहे. तिनं कोणकोणत्या चकत्या बांधायच्या ते मेनूत मल्टी फंक्शन लॉकमध्ये ठरवता येतं. मागची मोठी चकती तरी बांधाच.

कॅनन आर६ वरून आर६ मार्क २ वर आलेल्यांसाठी: आधीच्या कॅमेऱ्यात चालू-बंदचा स्विच डावीकडे होता. नव्यात डावीकडे फोटो-व्हिडिओचा स्विच आहे आणि चालू-बंद उजवीकडे गेलंय. जुन्या सवयीनं डावीकडे बोट गेलं की कॅमेरा व्हिडिओवर जातो.

पुसद, स्टुडिओ

निकॉन ५० एमएम १.८ डी. स्क्रीनवर ‘एफ-ई-ई’ अशी इंग्रजी अक्षरं लुकलुकतात आणि शटर दबत नाही. लेन्सवरची छिद्राची रिंग २२ वरून सरकलेली आहे, एवढंच. रिंग २२ च्या नारिंगी आकड्यावर आणा आणि शेजारचा बारीक खटका सरकवून कुलूप लावा.

आर्वी

तीन-तीनच्या गटात फोटो येत असतील, एक बरोबर, एक काळा, एक पांढरा आणि पुन्हा तोच क्रम, तर ते ब्रॅकेटिंग आहे, म्हणजे एकच फोटो कमी-जास्त उजेडात ओळीनं काढायची सोय. निकॉन डी७१००, डी७२०० वर त्याचं बटण पुढून फ्लॅशच्या बटणाखाली आहे. लेन्सखाली डावा हात सरकवताना ते दाबलं जातं आणि त्याच वेळी डायल फिरली की काम झालं. बटण दाबून मागची डायल फोटोंचा आकडा शून्य होईपर्यंत फिरवा. नेमकं काय बदललंय तेच कळेना, तर निकॉनच्या बऱ्याच डीएसएलआर बॉडीवर हिरव्या ठिपक्यांची दोन बटणं आहेत. दोन्ही मिळून दोन सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरा. एक्स्पोजर, फोकस पॉइंट, व्हाइट बॅलन्स (फोटोचा निळा-पिवळा रंग सावरणारी सेटिंग) मूळ जागी येतात. मात्र फोटोची क्वालिटीही मूळ जागी येते, रॉ वापरणाऱ्यांनी ती लगेच पुन्हा लावून घ्यावी.

पांढरकवडा, पिकांचे आणि किडींचे फोटो

सोनी ए६००० चं मूव्ही बटण अंगठ्याच्या अगदी कडेला आहे. बोंडावर वाकून जवळून फोटो काढताना ते दाबलं गेलं की व्हिडिओ सुरू होतो आणि बॅटरी उतरते. मेनूत मूव्ही बटणाला ‘फक्त मूव्ही मोड’ असा पर्याय आहे, तो लावला की प्रश्नच मिटला. खिशातल्या छोट्या कॅमेऱ्यांत फुलाचं चिन्ह चालू राहिलं तर जवळची अळी टिपली जाते आणि अख्खं झाड धुरकट येतं.

टेपबद्दल एक. विजेच्या कामाची काळी चिकटपट्टी लावू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर गेला की तिचा डिंक पातळ होऊन चकतीच्या फटीत उतरतो आणि वर फुफाटा चिकटतो. मग डायल दोन खाचा एकदम उडी मारते, आणि हे चुकून बटण दाबल्यापेक्षा वाईट. मास्किंग टेप किंवा मेडिकलमधली कागदी पट्टी घ्या आणि त्याच संध्याकाळी काढा. डिंक राहिलाच तर फडक्याच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन पुसा. फडकं फक्त ओलसर हवं, थेंब फटीत जाता कामा नये. थिनर आणि पेट्रोलनं रबर फुगतं आणि आकडे पुसले जातात. खोबरेल तर अजिबात नको.

वरुड, लग्नाची कामं

एक राहिलंच. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याची मागची स्क्रीन अचानक काळी झाली तर आधी व्ह्यूफाइंडरजवळचा डोळ्याचा सेन्सर पहा. पट्ट्याची घडी किंवा दुपट्ट्याचं टोक त्याच्यासमोर आलं की कॅमेऱ्याला डोळा लावल्यासारखं वाटतं आणि चित्र व्ह्यूफाइंडरमध्ये जातं. कापड बाजूला करा, स्क्रीन लगेच उजळते. हळदीच्या दिवशी सेन्सरच्या काचेवर हळदीचं बोट लागलं असेल तरी हेच होतं, ती कोरड्या कपड्यानं पुसून घ्या.