स्कॅन धूसर येतात. दुसरा स्कॅनर घ्यावा का, आणि कोणता?

जुना_अल्बम
घरातले जुने फोटो स्कॅन करायला घेतलेत. स्कॅनर साधा, सपाट काचेचा, यूएसबी केबलवरच चालणारा. फोटो संगणकावर मोठे करून पाहिले की चेहऱ्यांवर साय धरल्यासारखं दिसतं. काच पुसून झाली. रिझोल्यूशन ३०० डीपीआयवरून (दर इंचाला टिपलेले ठिपके) १२०० केलं; फाइल अवाढव्य झाली, फोटो होता तसाच. काही फोटो अल्बमच्या जाड पानांवर चिकटवलेले आहेत, ते निघत नाहीत. हा काढून दुसरा घ्यावा म्हणतोय. जाणकारांनी सुचवावं.

चष्मिष्ट
आधी सांगा, छापील मजकुराचा एक सुटा कागद स्कॅन केला तर अक्षरं कशी येतात? सगळीकडे धूसर, एकाच बाजूला धूसर, की मजकूर चांगला आणि फोटोच खराब? तिन्हींची कारणं वेगळी. आणि मूळ फोटो एकदा भिंगाखाली धरा. बऱ्याच जुन्या फोटोंचा फोकस मुळातच चुकलेला असतो. हातात छोटा असताना कळत नाही, पडद्यावर उघडं पडतं.

टिचकी
मोबाइलने फोटो काढा आणि मोकळे व्हा. स्कॅनर कोण वापरतं आता?

जुना_अल्बम
मजकूर स्वच्छ येतोय. सुटे फोटो मधे ठीक, पण जिथे कडा वर वळल्यात तिथे बिघडतात. अल्बमची पानं सगळ्यात वाईट.

काचेखाली
मग स्कॅनर बिघडलेला नाही, त्याची जातच तशी आहे. केबलवरच चालणारे पातळ स्कॅनर बहुधा सीआयएस प्रकारचे असतात. त्यांत सेन्सरची पट्टी काचेला जवळजवळ खेटून फिरते आणि फोकस काचेच्या पृष्ठभागावरच ठरलेला असतो. कागद मिलिमीटरभर वर उचलला गेला तरी चित्र विरतं. सीसीडी प्रकारात आरसे आणि भिंग असतं, म्हणून तो स्कॅनर जाडजूड, वेगळ्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारा. पण काचेपासून काही मिलिमीटर वरचंही तो बरं टिपतो.

खात्री करायची तर १५ सेंटीमीटरची पट्टी आकडे खाली करून काचेवर ठेवा आणि तिचं एक टोक खोडरबरावर टेकवून साधारण दीड सेंटीमीटर उचला. म्हणजे दर सेंटीमीटरला उंची अंदाजे एक मिलिमीटरने वाढते. झाकण उघडं ठेवून, खोलीत अंधार करून स्कॅन करा. आकडे पहिल्या एक-दोन सेंटीमीटरमध्येच विरघळले तर सीआयएस समजा. बऱ्याच पुढपर्यंत वाचता आले तर सीसीडी.

डीपीआय वाढवून काही झालं नाही त्याचं कारणही हेच. फोकसबाहेरचं चित्र जास्त बारकाईने मोजलं, एवढंच.

सुटे वळलेले फोटो याच स्कॅनरवर होतील. झाकणावर एखादं जाड पुस्तक ठेवा, पण अंगाचा भार टाकू नका, काच लवते. शिवाय सॉफ्टवेअरमध्ये धूळ काढणे, ओरखडे घालवणे, डिस्क्रीन असे जे पर्याय सुरू असतील ते बंद करा. डिस्क्रीन हा वर्तमानपत्र-मासिकांतल्या ठिपक्यांच्या छपाईसाठी असतो. खऱ्या फोटोवर तो नुसता मऊपणा आणतो. जेपीईजीचा दर्जा वरचा ठेवा, नाहीतर टिफमध्ये साठवा.

पानगळ
धागा पळवतोय, माफ करा. माझ्याकडे मजकूरसुद्धा फक्त डाव्या बाजूला धूसर येतो. तेही सीआयएसमुळेच का?

काचेखाली
तुमचं वेगळं. सेन्सरची ती पट्टी स्प्रिंगने काचेच्या खालच्या बाजूला टेकवलेली असते. एका टोकाची स्प्रिंग किंवा प्लास्टिकचा छोटा टेकू सरकला की तेवढीच बाजू फोकसबाहेर जाते. दुरुस्ती करणाऱ्याला नेमकं हेच सांगा. आणि सगळ्या पानावर धुकं असेल, काळा रंग राखाडी येत असेल, तर काचेच्या आतल्या बाजूला थर बसलेला असू शकतो. तो वरून पुसून जाणार नाही. काच काढता येत असेल तर मायक्रोफायबरच्या फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. थेट काचेवर फवारू नका, कडेने आत झिरपतं.

चष्मिष्ट
टिचकी यांचा सल्ला अल्बमच्या पानांपुरता मला पटतो, फक्त हातात धरून नाही. कॅमेरा किंवा फोन स्टँडवर, पानाला अगदी समांतर. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत प्रकाश, म्हणजे चकाकी येत नाही. बटण न दाबता टायमरवर. जाड पान काचेवर दाबून अल्बमची शिवण उसवण्यापेक्षा हे बरं.

जुना_अल्बम
पट्टी लावून पाहिली. दुसऱ्या सेंटीमीटरलाच आकडे गेले! पानं फोनने करीन. तरी पुढेमागे घ्यायचाच झाला तर?

काचेखाली
खोक्यावर सीसीडी लिहिलंय का ते बघा. एप्सनचा परफेक्शन व्ही६०० सीसीडी आहे, निगेटिव्हही करतो. कॅननची लाइड मालिका सीआयएस; कागदपत्रांना छान, तुमच्या अल्बमला नाही. जाहिरातीतला मोठा डीपीआय वाचून भुलू नका, ऑप्टिकल किती ते पाहा. बाकीचा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो.

जुना_अल्बम
आणि सुट्या फोटोंना डीपीआय किती ठेवू?

चष्मिष्ट
६००. चार बाय सहा इंचांचा फोटो २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो, म्हणजे दुप्पट आकारात छापला तरी ३०० डीपीआय उरतात. कागदावरच्या फोटोत त्यापुढे फारसं हाती लागत नाही. १२०० निगेटिव्हलाही कमी पडतील, तिथे २४०० तरी हवेत.