साठ पिनांच्या जुन्या कॅसेटी: करडा पडदा, गायब आवाज आणि 'पळणारा' मारिओ

कॅसेटपेटी (धागाकर्ता)

संग्रहातले जुने टीव्ही गेम पुन्हा खेळण्याजोगे करायचे आहेत. सामान असं आहे:

- नव्वदीतला एक टीव्ही गेम. फॅमिकॉमची (निन्टेंडोचा जपानी टीव्ही गेम) नक्कल, ६० पिनांची खाच, मागे आरएफ (टीव्हीच्या अँटेनाच्या खाचेत जाणारा) आणि पिवळा-पांढरा जॅक दोन्ही. अडॅप्टर हरवला आहे.
- जपानी बाजारातला अस्सल फॅमिकॉम. फक्त आरएफ. मूळ अडॅप्टर सोबत आहे. अजून चालू केलेला नाही.
- १४ कॅसेटी: बहुतेक स्थानिक, काही '९९९९ इन १' छापाच्या, एक जपानी ड्रॅगन क्वेस्ट ३.
- नकली गेमसोबतची बंदूक.

नकलेला बाजारातला युनिव्हर्सल अडॅप्टर ९ व्होल्टवर लावून बघितला. १४ पैकी ५ कॅसेटी चालतात. ६ लावल्या की नुसता करडा पडदा. दोघींचं संगीत अगदी नीट, पण चित्रांचा चिवडा. एक कॅसेट दर रिसेटला वेगळाच गेम दाखवते. बंदुकीने एलसीडीवर एकही बदक पडत नाही.

आणखी एक: कॉम्प्युटरवर एम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) हेच गेम लावले तर मारिओ पळतोय असं वाटतं. नक्कल हळू चालते की एम्युलेटर जोरात?

कुठून सुरुवात करू?

---

साठ_पिना

कॅसेटींना हात लावायच्या आधी वीज बघा.

सर्वांत महत्त्वाचं: फॅमिकॉमचा जपानी अडॅप्टर १०० व्होल्टसाठी आहे. आपल्या २३० च्या सॉकेटला लावलात तर आतला ट्रान्सफॉर्मर जळेल. तो संग्रहात शोभेला ठेवा. त्याचं आउटपुट १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर, मधली पिन ऋण. त्याऐवजी ९ व्होल्ट, १ अँपिअरचा एसएमपीएस (भार आला तरी व्होल्ट स्थिर ठेवणारा) अडॅप्टर चालतो, पण तोही मध्य-ऋणच हवा. बाजारात सर्रास मिळणारे अडॅप्टर मध्य-धन असतात. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. मल्टिमीटरचा लाल प्रोब प्लगच्या आत, काळा बाहेरच्या कड्यावर धरा. आकड्यापुढे वजा चिन्ह आलं तर तो मध्य-ऋण. अमेरिकी एनईएसचा (फॅमिकॉमचंच अमेरिकी रूप) अडॅप्टर तर एसी देतो, तो इथे अजिबात लावायचा नाही.

नकलेच्या बाबतीत एक नियम नाही, वेगवेगळ्या कारखान्यांनी वेगवेगळी ध्रुवता वापरली. मागच्या जॅकजवळचं छोटं चित्र बघा. ते नसेल तर उघडून जॅकपासून ७८०५ (५ व्होल्ट देणारा तीन पायांचा रेग्युलेटर) पर्यंतचा माग काढा. त्याची मधली पिन जमीन, ती जॅकच्या ज्या टोकाशी जुळते ते ऋण.

मग गेम चालू असताना ७८०५ च्या दोन बाजू मोजा. बाहेर पडणारे ४.८ ते ५.२ व्होल्टच्या आत हवेत. आत येणारे ७.५ च्या खाली गेले तर रेग्युलेटरला पुरेसा वाव उरत नाही आणि ५ व्होल्ट डळमळतात. हलके युनिव्हर्सल अडॅप्टर मोकळे असताना १२-१३ दाखवतात आणि भार आला की बसतात. म्हणून मोकळं मोजलेलं माप कामाचं नाही.

आकडे इथे टाका.

---

कथील_डाग

वीज ठीक निघाली तर पुढचा संशयित म्हणजे संपर्क. तुम्ही दिलेल्या लक्षणांवरूनच बरंच कळतंय.

या यंत्रात प्रोग्राम चालवणारी सीपीयू आणि चित्र काढणारी पीपीयू चिप यांच्या तारा कॅसेटवर वेगवेगळ्या येतात. कॅसेटच्या कडेचा लांबीचा एक अर्धा भाग साधारण सीपीयूचा, दुसरा पीपीयूचा. करडा पडदा म्हणजे सीपीयूला प्रोग्राम धड वाचता आला नाही आणि तो सुरुवातीलाच अडला. संगीत नीट पण चित्रांचा चिवडा म्हणजे प्रोग्राम व्यवस्थित चालतोय, पीपीयूच्या बाजूची एखादी पिन टेकत नाही. त्या दोन कॅसेटींचा नेमका तोच अर्धा भाग भिंगाखाली बघा. हिरवट किंवा काळा डाग सापडायला हवा.

साफ करायची रीत:

१. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानकोरणीचा कापूस. पुणेकरांना तपकीर गल्लीत, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोडला मिळेल. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.
२. कापूस पिनांच्या लांबीच्या दिशेने फिरवा, आडवा नाही. आडवा फिरवला तर मळ शेजारच्या फटीत जातो. कापूस पांढरा राहीपर्यंत. पाच मिनिटं वाळू द्या.
३. डाग जात नसेल तर पांढरं मऊ खोडरबर, हलक्या हाताने, मग पुन्हा अल्कोहोल.
४. खाचेसाठी: व्हिजिटिंग कार्डला सुती कापडाचा एक पदर गुंडाळा, अल्कोहोलने ओलसर करा आणि ८-१० वेळा सरळ आत-बाहेर करा. जाडी कॅसेटच्या पट्टीपेक्षा जास्त नको, नाहीतर आतल्या पत्र्याच्या जिभा फाकतात आणि आजार वाढतो.

फुंकर मारणं बंद. फुंकल्यावर गेम लागतो तो बहुतेक कॅसेट काढून परत घातल्यामुळे, संपर्क नव्या जागी टेकतो म्हणून. थुंकीतली ओल मात्र तांब्यावर राहते आणि पावसाळ्यात हिरवी होते.

---

साठ_पिना

खोडरबराबद्दल थोडा मतभेद. स्थानिक कॅसेटींवर सोन्याचा थर नावापुरताच असतो, कधी नुसतं कथील असतं. दर वेळी घासलं की खालचं तांबं उघडं पडतं आणि दोन पावसाळ्यांत आणखी काळं होतं. एकदाच, अगदी शेवटचा उपाय म्हणून. ब्रासो त्याहून वाईट. त्यात घासणारी पूड असते आणि ती पिनांच्या फटींत बसते.

कॅसेट उघडायची असेल तर बऱ्याच ६० पिनी कॅसेटींना स्क्रू नसतो, कडेला खटके असतात. स्क्रूड्रायव्हर घातलात तर खटका तुटतो. गिटारचा प्लास्टिक पिक सरकवत न्या. आत काळ्या डांबराचा थेंब दिसला तर तीच चिप. तिला तापवू नका, पट्टी वाकवू नका. थेंबाखालची केसाएवढी तार तुटली तर ती कॅसेट गेली म्हणून समजा.

---

कॅसेटपेटी

मोजमाप: नकलेत ७८०५ ला आत ६.९, बाहेर ४.५ व्होल्ट. म्हणजे अडॅप्टरच कमजोर निघाला. ९ व्होल्ट १ अँपिअरचा नवा एसएमपीएस लावल्यावर आत ९.१, बाहेर ५.०. नुसत्या एवढ्यावर सहापैकी ३ कॅसेटी चालू झाल्या! बाकी तिन्ही आणि चिवड्यावाल्या दोन्ही अल्कोहोलने साफ केल्या. चार लागल्या. एकीवर करडाच पडदा.

फॅमिकॉमही मध्य-ऋण अडॅप्टरवर चालू झाला. आरएफने टीव्हीला जोडून खूप शोधल्यावर एक चॅनल लागला, पण चित्र काळं-पांढरं आणि कुठल्याच कॅसेटचा आवाज नाही. यातही पिनाच का?

नकलेच्या क्रिस्टलवर (यंत्राला वेगाचे ठोके देणारा सुटा भाग) २६.६०१७१२ लिहिलंय, कुणाला उपयोग असेल तर.

---

पन्नास_हर्ट्झ

त्या क्रिस्टलच्या आकड्यात तुमच्या मारिओचं उत्तर आहे.

अस्सल जपानी फॅमिकॉम: २१.४७७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, त्याला १२ ने भागून सीपीयू १.७९ मेगाहर्ट्झवर, सेकंदाला ६० चित्रं. भारतातला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० चित्रांचा. आपल्याकडच्या नकलांसारख्या पाल नकलांत २६.६०१७१२ चा क्रिस्टल असतो, त्याला १५ ने भागून सीपीयू १.७७ मेगाहर्ट्झवर. गेम मात्र ६० चित्रांच्या हिशोबाने लिहिलेला. म्हणून अस्सल यंत्रावर एका मिनिटात होणारी गोष्ट नकलेवर ७२ सेकंद घेते. सीपीयूचा वेग जवळपास तोच राहिल्याने सुरांची पट्टी फारशी उतरत नाही, फक्त लय संथ होते. युरोपातल्या अधिकृत पाल एनईएसमध्ये तोच क्रिस्टल १६ ने भागतात, सीपीयू १.६६ वर येतो आणि न बदललेल्या गेमचा सूरही अर्ध्या पट्टीहून जास्त खाली जातो.

थोडक्यात, एम्युलेटर बरोबर आहे आणि तुमची नक्कलही बरोबर आहे. सुपर मारिओ ब्रदर्स १९८५ साली जपानमध्ये ज्या वेगाने आला, तो एम्युलेटरवाला. आपल्या ओळखीचा वेग हवा असेल तर मेसेन किंवा एफसीईयूएक्स या एम्युलेटरमध्ये रीजन 'डेंडी' निवडा. 'पाल' नाही. 'डेंडी' हे रशियात विकल्या गेलेल्या अशाच नकलेचं नाव आणि त्या नोंदीत नेमका हाच १५ चा भागाकार आहे.

आता फॅमिकॉम. सगळ्याच कॅसेटी मुक्या असतील तर पिनांना दोष देऊ नका. जपानी आरएफमध्ये आवाज चित्रापासून ४.५ मेगाहर्ट्झवर असतो, आपल्या पाल-बी टीव्हीला तो ५.५ वर हवा. रंग एनटीएससी या जपानी-अमेरिकी पद्धतीचे, ते आरएफवर आपला टीव्ही ओळखत नाही, म्हणून काळं-पांढरं. चॅनलही इथले नाहीत: जपानचा १ आणि २, म्हणजे ९१.२५ आणि ९७.२५ मेगाहर्ट्झ. आरएफवर वेळ घालवू नका. तोच टीव्ही पिवळ्या जॅकवर एनटीएससी बहुधा निमूट घेईल.

त्यासाठी एव्ही बदल, म्हणजे पिवळ्या-पांढऱ्या जॅकची सोय, करावा लागेल. पीपीयूच्या २१ व्या पिनेवर कंपोझिट (पिवळ्या जॅकचं) चित्र तयार मिळतं. ४० पायांच्या चिपची खाच वर धरली की उजव्या रांगेतला सर्वांत खालचा पाय. तो थेट टीव्हीला जोडू नका, टीव्हीचा ७५ ओमचा भार त्याला ओढवत नाही. मधे ट्रान्झिस्टरचा बफर (सिग्नलला जोर देणारं छोटं सर्किट) हवा. बोर्डावर शेजारच्या डेटा रेषांचा गोंगाट मिसळला की पडद्यावर उभ्या फिकट पट्ट्या दिसतात. त्या सलत असतील तर २१ वा पाय बोर्डापासून उचलून तार वेगळी न्या. आवाज कॅसेटच्या खाचेच्या ४६ व्या पिनेवरून घ्या.

---

कथील_डाग

४६ चा विषय निघालाच म्हणून. अस्सल फॅमिकॉममध्ये आवाज ४५ व्या पिनेतून कॅसेटमध्ये जातो आणि ४६ मधून परत येतो. ज्या कॅसेटमध्ये स्वतःची ध्वनीचिप नाही तिच्यात या दोन पिना नुसत्या एकमेकींना जोडलेल्या असतात. तेव्हा एव्ही बदलानंतर एखादीच कॅसेट मुकी निघाली तर ३१ ते ६० या रांगेच्या बरोबर मध्यावरच्या दोन पिना साफ करा. चित्र उत्तम आणि आवाज शून्य, असं हे फसवं लक्षण आहे.

दर रिसेटला गेम बदलणारी कॅसेट बिघडलेली नाही. काही 'अनेक इन १' कॅसेटींत रिसेट हाच गेम निवडायचा खटका असतो. ९९९९ वाल्यांत खरे गेम मोजकेच, बाकी त्याच गेमच्या वेगळ्या लेव्हलपासून सुरू होणाऱ्या नोंदी. त्यातला कॉन्ट्रा हा गेम कुठल्या आवृत्तीचा हे बघायचं असेल तर टप्प्यांच्या मधे नकाशा येतो का बघा. आला तर तो जपानी आवृत्तीवरून घेतलेला, अमेरिकीत नकाशा नाही.

बंदूक एलसीडीवर चालणारच नाही. घोडा दाबला की गेम क्षणभर पडदा काळा करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीतल्या सेन्सरला तो त्याच क्षणी, डब्बा टीव्हीच्या किरणाच्या लखलखीसकट दिसायला हवा. एलसीडी चित्र उशिरा दाखवतो आणि ती लखलख त्याच्यात नसतेच. साधा डब्बा टीव्ही शोधा, पण '१०० हर्ट्झ' लिहिलेला घेऊ नका. तोही चित्र आधी साठवून मग दाखवतो.

एक राहिलं, रिमोट, म्हणजे हातात धरून खेळायचा. अशा रिमोटमध्ये पाच तारा असतात: ५ व्होल्ट, जमीन, क्लॉक, लॅच, डेटा. एकच बटण मेलं असेल तर रबराखालचा कार्बन घासलाय, अल्कोहोलने पुसा. सगळीच बटणं एकदम मेली किंवा वेडीवाकडी चालली तर तार तुटली आहे, आणि ती बहुतेक वेळा रिमोटमध्ये शिरते त्या वाकणाशीच तुटते. तेवढा तुकडा कापून पुन्हा कथिलाचा डाग द्या.

---

कॅसेटपेटी

डेंडी निवडल्यावर मारिओ जागेवर आला. शेवटची करडी कॅसेट उघडली: काळा थेंब, आणि पट्टीला मधोमध तडा. ती बाजूला ठेवली.

ड्रॅगन क्वेस्ट ३ नकलेवर चालतो, पण सेव्ह टिकत नाही. आत सेल आहे ना? बदलताना काय सांभाळायचं?

---

साठ_पिना

हो, ३ व्होल्टचा नाणे-सेल, तो सेव्हच्या रॅमला जिवंत ठेवतो. मोजा. नवा ३.२ च्या आसपास दाखवतो, २ च्या खाली रॅमचा भरवसा नाही. सेव्ह आधीच टिकत नसल्याने गमावण्यासारखं काही उरलेलं नाही, निवांत बदला. ज्या कॅसेटमधलं सेव्ह अजून शाबूत असेल तिचं मात्र आधी कार्ट रीडरवर (कॅसेटमधला डेटा कॉम्प्युटरवर घेणारं यंत्र) उतरवून घ्या, मगच सेल काढा.

नवा सेल आधीच पत्र्याच्या पट्ट्या जोडलेला घ्या. नुसत्या सेलवर थेट डाग देऊ नका, उष्णतेने तो फुगतो, कधी फुटतो. बोर्डावरचं धन-ऋण चिन्ह जुना सेल काढण्याआधी मोबाइलवर टिपून ठेवा. धारकाची खाच बसवायचा मोह होतो, पण फॅमिकॉमच्या कॅसेटच्या कवचात जागा कमी पडली तर मग झाकण बसत नाही. झाकण लावायच्या आधी एकदा सेव्ह करून, यंत्र बंद ठेवून, दुसऱ्या दिवशी तपासा.